बुबकाला सेंटिमीटरचा व्यापारी म्हणू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर पोल व्हॉल्टवर, म्हणजे बांबूउडीवर, नुकताच आलेला लेख वाचला. मराठी दैनिकात या खेळाला एवढी जागा सहसा मिळत नाही, म्हणून आधी आभार. स्वीडनच्या मोंडो डुप्लांटिसचं त्यात भरभरून कौतुक आहे आणि ते त्याच्या हक्काचं आहे. पण युक्रेनचा जुना पोल व्हॉल्टर सर्गेई बुबका याचा उल्लेख येतो तो एका ओळीत, आणि ती ओळ अशी की बक्षिसाच्या रकमेसाठी हा माणूस मुद्दाम एकेक सेंटिमीटरने विक्रम वाढवत राहिला. पुढे त्याच्याविषयी एक अक्षर नाही. हीच ओळ मी कुठे ना कुठे वर्षानुवर्षं वाचत आलोय. दरवेळी मनाला लागते. आता बुबकाला उडी मारताना प्रत्यक्ष किंवा टीव्हीवर पाहिलेली पिढीही वयस्क होत चालली आहे. नव्या मुलांच्या हाती त्याच्याबद्दल एवढी एकच गोष्ट उरणार असेल, तर ते मला बघवत नाही. मी क्रीडाशिक्षक होतो. तरुणपणी बांबूने उड्या मारून वाळूत आपटलोय, पुढे कितीतरी स्पर्धांमध्ये पोल व्हॉल्टच्या स्टँडपाशी, म्हणजे पट्टी पेलणाऱ्या खांबांपाशी, पंच म्हणून उभा राहिलोय. तेव्हा पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं.

आधी हिशेबच मांडतो, कारण आरोप हिशेबाचा आहे. बुबकाच्या नावावर एकूण ३५ विश्वविक्रम, त्यांतले १७ उघड्या मैदानावरचे आणि १८ इनडोअर. मैदानावरचा पहिला २६ मे १९८४ रोजी ब्रातिस्लाव्हात, ५.८५ मीटर. त्याआधीचा विक्रम फ्रान्सच्या थिएरी विन्यरोनचा, ५.८३. म्हणजे सुरुवातच दोन सेंटिमीटरने झाली. मग आठवडाभरात ५.८८, जुलैमध्ये लंडनला ५.९०. ३१ ऑगस्टला रोममध्ये विन्यरोनने ५.९१ पार करून विक्रम परत घेतला, आणि काही मिनिटांतच बुबकाने ५.९४ मारली. एकाच संध्याकाळी, एकाच पिटावर विक्रम दोनदा मोडला. पुढच्या वर्षी १३ जुलैला पॅरिसमध्ये त्याने पट्टी ५.७० वरून थेट ६.०० वर ठेवायला सांगितली. दोनदा पट्टी पडली. तिसऱ्या उडीला राहिली. सहा मीटर ओलांडणारा तो जगातला पहिला माणूस. स्वतःच्याच विक्रमावर त्याने एका उडीत सहा सेंटिमीटर चढवले होते. सेंटिमीटर विकणाऱ्याने ते सहा वेळा विकले असते ना?

त्यानंतरचे टप्पे ६.०१, ६.०३ आणि ६.०५ असे. १९८८ च्या जुलैमध्ये नीसला ६.०६ झाली आणि तिथून पुढे मात्र, खरंय, दर वेळी एकच सेंटिमीटर. १९९१ मध्ये शिझुओका, मॉस्को, फॉर्मिया आणि माल्मो इथे चार, १९९२ मध्ये दिजाँ, पादुआ आणि टोकियो इथे तीन, आणि शेवटचा ३१ जुलै १९९४ रोजी इटलीतल्या सेस्त्रिएरेला, ६.१४. सतरांपैकी सात विक्रम एकापेक्षा जास्त सेंटिमीटरचे, आणि उरलेल्या दहांतले नऊ कारकिर्दीच्या उत्तरार्धातले. आपल्या लेखातलं विधान निम्म्याहून थोडं अधिक खरं आहे, पण त्यावरून अख्ख्या माणसाचं मोजमाप केलं गेलं.

आता पैशाचं. पैसे मिळत होते. सेस्त्रिएरेच्या स्पर्धेत विश्वविक्रम करणाऱ्याला फेरारी गाडी ठेवलेली असे, ती बुबकाने जिंकली. मला यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. पोल व्हॉल्टरचं शरीर किती वर्षं साथ देईल याचा नेम नसतो. दर उडीला एकच पाय, एकच टाच, तीच कंबर, तोच खांदा भार घेतात. ज्याच्या पोटापाण्याचा धंदा टाचेवर उभा आहे त्याने मिळेल ते बक्षीस घेतलं, तर त्याच्याकडे बोट दाखवायचं कारण काय? आणि बक्षीस ठेवणारे आयोजक, तिकिटं विकणारे आयोजक, यांच्याविषयी कुणी अशी ओळ लिहीत नाही. डुप्लांटिसही २०२० मध्ये ६.१७ पासून सुरुवात करून २०२५ मध्ये टोकियोत ६.३० पर्यंत आला तो एकेक सेंटिमीटरनेच, मधली एकही पायरी त्याने सोडली नाही. त्याचं आपण कौतुक करतो आणि तेच बरोबर आहे. मग तोच न्याय बुबकाला लावावा, एवढंच माझं म्हणणं.

एकेक सेंटिमीटर चढण्यात खेळाचंही एक शहाणपण आहे, जे पट्टीजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पट्टी जसजशी वर जाते तसतशी स्टँडची जागा, पकड आणि पोलचा कडकपणा, सगळ्याचाच पुन्हा विचार करावा लागतो. स्टँड पुढे-मागे सरकवता येतात, पण ८० सेंटिमीटरच्या मर्यादेत. पोल थोडा अधिक कडक घेतला तर धाव तेवढीच वेगवान हवी, नाहीतर पोल सरळ होताना माणसाला मागे, धावपट्टीकडे फेकतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा आवाज विसरता येत नाही. विक्रमाच्या उडीपर्यंत पोचताना त्या दिवशीच्या काही उड्या पायांतून गेलेल्या असतात. अशा वेळी पाच-दहा सेंटिमीटरची झेप मागणं म्हणजे अंगातला उरलासुरला जोर एका अंदाजावर लावणं. २०१४ च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या रेनॉ लाव्हिलेनीने बुबकाचा ६.१५ चा इनडोअर विक्रम ६.१६ ने मोडला आणि लगेच पट्टी ६.२१ वर मागितली. त्या प्रयत्नात त्याच्या पायाला जखम झाली, टाके पडले आणि पुढच्या महिन्यातली जागतिक इनडोअर स्पर्धा हुकली. लाव्हिलेनी धाडसी होता, मला तो आवडतो. पण बुबका दहा वर्षं विक्रम करत राहिला, हे आकडे लिहिणाऱ्यांनी विसरू नये.

आता खरी गोष्ट. त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

बुबकाने काय केलं हे पट्टीकडे बघून कळत नाही. ते पायाकडे बघून कळतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आजही मोबाइलवर त्याची एखादी उडी लावून देतो आणि एका ठिकाणी थांबवतो. पोलचं टोक बॉक्समध्ये, म्हणजे ते टेकवायच्या जमिनीतल्या खाचेत, शिरलंय, पण मागच्या भिंतीला नीट भिडलेलं नाही. दोन्ही हात डोक्याच्या वर पूर्ण ताणलेले, उजवा गुडघा पुढे. आणि डाव्या पायाचा चवडा जमिनीपासून सुटलाय. पोल सरळ आहे, वाकायला सुरुवातच झालेली नाही. मुलं पहिल्यांदा म्हणतात, सर, यात काय विशेष? मग मी त्यांच्यापैकीच कुणाची तरी उडी काढून त्याच ठिकाणी थांबवतो. पाय जमिनीवर, टोक भिंतीला, पोल आधीच वाकलेला, वरचा हात डोक्याच्या मागे गेलेला, कंबर मोडलेली. धावून कमावलेला वेग पोलमध्ये जाण्याऐवजी खांद्यातून आणि पाठीतून सांडतोय. दोन चित्रं शेजारी ठेवली की पुढे फार समजवावं लागत नाही.

पाय आधी सुटावा आणि पोल नंतर वाकावा, ही कल्पना बुबका आणि त्याचे प्रशिक्षक विताली पेत्रोव यांनी मिळून शेवटापर्यंत नेली. आज जगभरचे प्रशिक्षक तिला त्या दोघांच्या नावाने ओळखतात. तोवर काचतंतूचा पोल आला तसा बहुतेकांचा सगळा भर पोल वाकवण्यावर गेला होता. डावा हात पुढे दाबायचा, पोल वाकवायचा, मग त्याखाली अंगाचं मुटकुळं करून थांबायचं आणि पोल सरळ होऊन वर फेकेल तेव्हा पाय झटकायचे. पेत्रोव यांनी प्रश्न उलटा मांडला. पोल स्वतःहून काही देत नाही, खेळाडूने जे घातलं तेच परत देतो. मग मधे थांबायचं कशाला? झोपाळ्यावर उभं राहून झोका चढवणारं पोर जसं प्रत्येक हेलकाव्यात अंगाने जोर घालत राहतं, तसं पट्टीवरून जाईपर्यंत जोर घालत राहायचं.

त्यासाठी सुरुवात धावपट्टीच्या दुसऱ्या टोकापासून होते. पाच मीटरहून लांब पोल आडवा धरून धावणं किती कठीण असतं हे ज्याने धरलाय त्यालाच माहीत. टोकाचं वजन पुढे ओढतं आणि धाव बिघडते. बुबका सुरुवातीला पोल जवळजवळ उभा धरायचा, म्हणजे वजन खांद्याच्या जवळ राहायचं. धावता धावता टोक हळूहळू खाली यायचं आणि पडणाऱ्या टोकाबरोबर त्याचा वेग वाढत जायचा. शेवटच्या पावलांमध्ये हात कमरेपासून डोक्याच्या वर जायचे, घाई नाही, धक्का नाही. त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला १० मीटरच्या अगदी जवळ असे. पाय सुटला की तो डावा पाय लांब, सरळ राहून खालून वर असा झुलत यायचा. गुडघा लगेच मुडपायचा नाही, मुडपला की झोक्यातला जोर गेला. मग अंग उलटं, पाय वर, पोल सरळ होत असतानाच पाठ फिरवायची आणि शेवटी एका हाताने पोलला खाली ढकलायचं. पोलवर त्याची पकड पाच मीटरच्या वर असे आणि शरीराच्या वजनाच्या मानाने त्याचे पोल फार कडक असत. असा पोल दुसऱ्या कुणाच्या हातात दिला तर वाकला नसता. म्हणून उंच पकड, कडक पोल, वेगवान धाव आणि सुटलेला पाय या चार गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात. एक काढली तर बाकीच्या तीन निरुपयोगी होतात.

१९९१ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत तो ५.९५ ला जिंकला. त्या उडीचं चित्रीकरणावरून मोजमाप झालं तेव्हा त्याचं शरीर ६.३७ मीटरच्या उंचीवरून गेल्याचं निघालं. टीकाकार हाच आकडा पुढे करतात. बघा, म्हणतात, एवढी ताकद होती आणि राखून ठेवली. पण पंच म्हणून उभा राहिलेला कुणीही सांगेल की उडीचा माथा पट्टीच्या नेमक्या वर येतोच असं नाही, तो कधी अलीकडे पडतो, कधी पलीकडे. शिवाय पट्टी ५.९५ वर असताना घेतलेली उडी आणि तीच पट्टी ६.३० वर असताना घ्यायची उडी, या दोन उड्या डोक्यात एकसारख्या नसतात. मला त्या आकड्यात कंजुषी दिसत नाही. पद्धत किती बरोबर होती याचा पुरावा दिसतो.

त्याचा जन्म ४ डिसेंबर १९६३ चा, युक्रेनमधल्या लुहान्स्कचा. दहा वर्षांचा होण्याच्या सुमाराला एका मित्राबरोबर तो पेत्रोव यांच्या गटात आला. थोरला भाऊ वासिलही याच खेळातला. पंधराव्या वर्षाच्या आसपास पेत्रोव दोनेत्स्कला गेले तेव्हा बुबकाही घर सोडून त्यांच्या मागे गेला. त्या वयाच्या मुलाने आपल्या सरांसाठी गाव सोडणं आणि सरांनी त्याची जबाबदारी घेणं, हे आमच्या पेशातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९८३ मध्ये हेलसिंकीला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९ वर्षांचा हा मुलगा ५.७० ला जिंकला, तेव्हा त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर रोम, टोकियो, स्टुटगार्ट, गोथेनबर्ग, अथेन्स. सलग सहा जागतिक विजेतेपदं, १४ वर्षांत. विक्रमांच्या गर्दीत ही सहा सुवर्णपदकं झाकली जातात. मला स्वतःला ती विक्रमांहून मोठी वाटतात. विक्रम तुम्ही तुमच्या आवडीच्या मैदानावर, तुमच्या वाऱ्यात, तुमच्या दिवशी करता. अजिंक्यपद ठरलेल्या दिवशीच जिंकावं लागतं, पाऊस असो नाहीतर टाच दुखत असो.

ऑलिंपिकने मात्र त्याला फार छळलं. १९८४ मध्ये तो जगात सर्वांत पुढे होता, लंडनची ५.९० ची उडी लॉस एंजेलिसच्या उद्घाटनाच्या पंधरवडाभर आधीची. तेव्हा युक्रेन ज्याचा भाग होता त्या सोव्हिएत संघाने त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. तिथे सुवर्णपदक ५.७५ ला गेलं. १९८८ मध्ये सोलला तो एकदाचा उतरला आणि जिंकला, पण कसा? ५.७० नंतर थेट ५.९०, त्यातही दोनदा पट्टी पडलेली. त्याच्याच संघातला रोदिऑन गाताउलिन ५.८५ पार करून बसला होता. तिसरी उडी गेली असती तर पदकसुद्धा हातचं गेलं असतं. ती राहिली. तीच त्याच्या आयुष्यातली एकमेव ऑलिंपिक पदकाची उडी.

बार्सेलोनात १९९२ मध्ये सगळं जग त्याच्या नावावर पदक लिहून मोकळं झालं होतं. ५.७० ला दोनदा चुकला, तिसरी संधी त्याने ५.७५ साठी राखली, तीही गेली. एकही उंची नोंदली न जाता तो बाहेर. या खेळाचा हा नियम क्रूर आहे. लांब उडीत तीनपैकी एक उडी बरोबर पडली तरी ती मोजली जाते, शंभर मीटरमध्ये शेवटचा आला तरी वेळ लागते. इथे लागोपाठ तीन चुका झाल्या की नावापुढे काहीच नाही. माझ्या हाताखालच्या मुलांचा असा दिवस मी कितीदा पाहिलाय, पंच म्हणून तीनदा लाल झेंडा वर केलाय आणि नंतर त्या मुलाला घरी नेणाऱ्या आईबापांशी बोललोय. पण बुबकाचं पुढे काय झालं ते पाहा. बार्सेलोनाच्या अंतिम फेरीनंतर तीन-साडेतीन आठवड्यांत, ३० ऑगस्टला, पादुआत ६.१२. १९ सप्टेंबरला टोकियोत ६.१३. ज्याला फक्त सेंटिमीटरचा हिशेब कळतो त्याला हे जमत नाही. एवढ्या मोठ्या मानहानीनंतर महिनाभरात पुन्हा धावपट्टीच्या टोकाला उभं राहायला वेगळं काहीतरी लागतं.

अटलांटात १९९६ मध्ये टाचेच्या वरच्या शिरेने दगा दिला आणि एकही उडी न मारता तो परतला. शस्त्रक्रिया झाली. वय ३३. त्या वेळी लिहिणाऱ्यांनी त्याला निवृत्त करून टाकलंच होतं. पुढच्या ऑगस्टमध्ये अथेन्सला तो आला आणि ६.०१ ला सहावं विजेतेपद घेऊन गेला. त्याच्या सगळ्या उड्यांतली कोणती एक निवडाल असं मला कुणी विचारलं तर मी पॅरिसची सहा मीटरची सांगणार नाही, ही सांगेन. दुरुस्त केलेल्या टाचेवर भार टाकून, पाय आधी सोडून, त्याच पद्धतीने, तेवढ्याच निर्धास्तपणे मारलेली ती उडी आहे. सिडनीत २००० मध्ये पात्रता फेरीतच ५.७० ला तीन वेळा पट्टी पडली आणि २००१ च्या फेब्रुवारीत दोनेत्स्कमध्ये त्याने निरोप घेतला.

निवृत्तीनंतर त्याने बऱ्याच खुर्च्या सांभाळल्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती, ॲथलेटिक्स महासंघाचं उपाध्यक्षपद, युक्रेनच्या ऑलिंपिक समितीचं अध्यक्षपद. २०१५ मध्ये महासंघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो सेबास्टियन कोकडून हरला. त्या कारभाराबद्दल मी बोलणार नाही, ते माझं क्षेत्र नाही.

दोनेत्स्कबद्दल मात्र बोलायलाच हवं. तिथे बुबकाने १९९० पासून हिवाळ्यात फक्त पोल व्हॉल्टचीच एक इनडोअर स्पर्धा भरवली. एका खेळाडूने, स्वतः खेळत असताना, स्वतःच्या शहरात जगातल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना बोलावून त्यांच्यासमोर उड्या मारायच्या! ६.१५ चा विक्रम त्याने तिथेच केला, २१ फेब्रुवारी १९९३ रोजी. आणि बरोबर तिथेच, त्याच स्पर्धेत, तो २१ वर्षांनी लाव्हिलेनीने मोडला. बुबका हजर होता, त्याने खाली उतरून लाव्हिलेनीला मिठी मारली. विक्रम हातचा सोडायची ज्याला भीती वाटते तो स्वतः स्पर्धा भरवून, स्वतःच्या गावात, तो मोडणाऱ्यासाठी पिट तयार ठेवत नाही. काही महिन्यांतच त्या शहरात युद्ध पोचलं. ज्या 'द्रुझ्बा' सभागृहात ही उडी झाली ते लुटलं गेलं आणि जाळलं गेलं. ज्या गावात तो जन्मला आणि ज्या गावात तो घडला, अशी दोन्ही गावं युद्धात सापडली. आपल्या लेखात एका ओळीची जागा होती, तर ही ओळ का नाही आली?

आणि पेत्रोव. त्यांचं नाव मराठीत मला कुठे छापलेलं आठवत नाही. इटलीतल्या फॉर्मियात त्यांनी पुढे ज्युसेप्पे जिबिलिस्कोला घडवलं, तो २००३ चा जगज्जेता. रशियाची येलेना इसिनबायेव्हा काही वर्षं त्यांच्याकडे होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ६.०३ मारून सोनं जिंकणारा ब्राझीलचा थियागो ब्राझ त्यांचाच शिष्य. युक्रेन, इटली, रशिया, ब्राझील, चार देशांतले खेळाडू एकाच माणसाकडून पाय आधी सोडायला शिकले. प्रशिक्षकाची कारकीर्द अशी मोजतात, आणि बुबकाचं मोठेपण पेत्रोव यांना सोडून सांगताच येत नाही.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे, आणि ती दुरुस्तीची नाही. पोल व्हॉल्टची बातमी पुन्हा येईल तेव्हा बुबकाच्या मैदानावरच्या सतरा विक्रमांची यादी तारखा आणि शहरांसकट एका चौकटीत पूर्ण छापा. वाचक स्वतः वजाबाकी करतील. शेजारी पेत्रोव यांचं नाव असू द्या. आणि फोटो छापायचा झाला तर उडीच्या माथ्यावरचा, पट्टीवरून आडवा जातानाचा नको. तो सगळेच छापतात आणि त्यातून शिकायला काही मिळत नाही. पाय सुटतानाचा छापा, पोल सरळ असतानाचा. आमच्याकडची मुलं ते कात्रण काढून ठेवतील, आणि मीही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक